विम्यात न बसलेला एसी

दादा, आज सकाळी माझ्या ड्रायव्हरने मला विचारलं, "शेठ, एसी बिलकुल गार करून न्हाई राह्यला. कुठं तरी जराशी ठोकून आणू का गाडी? मंग क्लेममधी बसंल." चाकात हवा भरून आणू का, इतक्या सहज विचारलं त्याने. मी त्याच्यावर असा ओरडलो की समोरचा पानवाला दुकानातून बाहेर येऊन बघायला लागला. विमा अपघाताचा असतो, झिजेचा नसतो. धडकेत एसी फुटला तर मिळतं, वापरून वापरून बंद पडला तर आपण आपला करून घ्यायचा. यात न कळण्यासारखं काय आहे? पण दर उन्हाळ्यात हे मला नव्याने कोणाला तरी सांगावं लागतं, आणि समोरचा माझ्याकडे असं बघतो, जणू विमा कंपनी माझ्याच बापाची आहे. ओरडून झाल्यावर लक्षात आलं, हे सगळं मी बापाच्या, म्हणजे तुमच्याच सुरात बोललो. मग दिवसभर तुमच्यावरच चिडत बसलो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चिडायला मला अजून तुम्हीच सापडता.

पहिली गाडी घेतली तेव्हा मी पॉलिसीचा कागद देवापुढे ठेवला होता. तुम्ही तो उचललात आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसलात, कारण दुपारचा उजेड तिथेच चांगला यायचा. आई भाकरी थापत होती, मी ताटावर बसलो होतो. तुमच्या एका मांडीवर कागद, दुसऱ्या मांडीवर डिक्शनरी. जाफराबादला वीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस विम्याच्या इंग्रजीशी अशी झटापट करत होता की बघवत नव्हतं. शेवटी लाल पेनाने एका ओळीखाली रेघ ओढलीत आणि मला हाक मारलीत. "वेअर अँड टेअर. म्हणजे झीज. झिजून बंद पडलेलं हे लोक देत न्हाईत. सही करायच्या आधी वाचलं होतं का तू हे?" मी म्हणालो, एजंट म्हणाला सगळं मिळतं. "एजंट म्हणाला ते कागदावर कुठं हाय, दाखीव." ताटावर बसलेल्या माणसाला कोणी असं विचारतं का? माझी भाकरी गार झाली, तुमची रेघ संपली नव्हती.

तुमचा हा स्वभाव सगळ्या घराने भोगला. ताईला बघायला पाहुणे आले, त्यांनी पोह्यांचं कौतुक केलं, कौतुक ऐकून घ्यायचं आणि गप्प बसायचं, एवढंच तुमचं काम होतं. तुम्ही म्हणालात, "पोहे शेजारच्या वहिनींनी केलेत. आमच्या पोरीचे अजून जरा चिकट होतात." ताई आत जाऊन रडली. गावातल्या पोरांना वर्तणुकीचा दाखला देताना तुम्ही लिहायचात, 'वर्गात असताना वर्तन चांगले. बाहेरचे ठाऊक नाही.' त्या दाखल्यावर कोणाला नोकरी मिळणार होती? जे डोळ्यांनी पाहिलं तेच बोलायचं आणि जे पाहिलं ते बोलल्याशिवाय राहायचं नाही. अशा माणसाच्या घरात जन्म घेऊन मी टॅक्सीचा धंदा काढला, ही माझीच चूक.

त्या वर्षीचा चैत्र तुम्हाला आठवत असेल. मिलमधली कायमची नोकरी मी सोडून बसलो होतो. बियाण्याच्या कंपनीचं काम मिळत आलं होतं, औरंगाबादच्या विमानतळावरून पाहुणे आणायचे, शेतं दाखवायची, परत सोडायचे, वर्षभर. अट एकच, गाडी एसी पाहिजे. महिन्याच्या शेवटी साहेब गाडी बघणार होते. माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. तशात तुम्हाला लग्नाला घेऊन निघालो आणि अंकुशनगरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीने एकदम ब्रेक मारला. मीही मारला, पण ट्रॉलीतून बाहेर लोंबणारे ऊस आपल्या गाडीच्या जाळीतून आत घुसलेच. दिवा फुटला, बंपर वाकला, एसीची नळी चेपली. आपल्याला दोघांना खरचटलंसुद्धा नाही. तुम्ही खाली उतरलात, टोपी नीट केलीत आणि ट्रॅक्टरवाल्याला मागे लाल कापड का बांधलं नाही म्हणून झापलंत.

संध्याकाळी घरी पोचलो. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला सकाळी येणार, गाडीला हात लावू नकोस, असं मी आईला दोनदा सांगितलं होतं. सकाळी उठून बघतो तर गाडी चकचकीत. अपघातातून आलेली गाडी तशीच दारात ठेवायची नसते म्हणून तिने पहाटेच पाइप लावून ती धुतली, जाळीत बोटं घालघालून धुतली, लिंबू उतरवलं, नारळ फोडला आणि वाकलेल्या बंपरला हळदीकुंकू लावलं. सर्व्हेअरने ते बघून कपाळावर हात मारला. तो तुमचाच विद्यार्थी, तुमच्या पाया पडून मग गाडीखाली वाकला. म्हणाला, "सर, बंपर, दिवा, जाळी, सगळं धरतो. पण एसीचं अवघड करून ठेवलं माईनं. नळी आत्ता फुटली असंल तर तेलाचा डाग ताजा दिसतो. आधीपासून गळत असंल तर डागावर धूळ बसून तो काळा पडतो. इथं तर डागच ठेवला न्हाई." आई पदराला हात पुसत उभी होती. मी म्हणालो, एसी अपघातापर्यंत चालू होता. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तुमच्याकडे वळला. "सर गाडीतच होते ना? सर, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाले तर मी डोळे झाकून लिहितो."

एक शब्द, दादा. 'चालू होता', एवढंच म्हणायचं होतं. माझं वर्ष त्यावर होतं, माझी सोडलेली नोकरी, तुमच्या सुनेने गहाण टाकलेल्या पाटल्या. तुम्ही त्या बंपरवरच्या कुंकवाकडे बघितलंत. मग म्हणालात, "काच खाली होती. गार होतं का न्हाई, मला ठाऊक न्हाई." त्याने पेनचं टोपण लावलं. एसीच्या रकान्यात त्याने आडवी रेघ मारली.

काम दुसऱ्याला गेलं. त्याच्याकडे धड ड्रायव्हरही नव्हता, पण एसी होता. मी बिनएसीची गाडी परतूर-जालना सवारीला लावली, मागच्या सीटवर चार-चार माणसं कोंबून. आणि तुमच्याशी बोलणं टाकलं. जेवायला बसलो की आईला सांगायचो, दादांना मीठ पाहिजे का विचार. तुम्ही हातभर अंतरावर बसलेले असायचात. आई तुम्हाला विचारायची, तुम्ही तिलाच उत्तर द्यायचात. असं दीड वर्ष चाललं. मग श्रावणात तुम्ही गेलात, आणि तेव्हासुद्धा मी लोकांना सांगत होतो की आमचे दादा फार तत्त्वाचे. रागाने सांगत होतो. लोकांना ते कौतुक वाटलं.

आता तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहितो. एसी आधीच गेलेला होता. आठ दिवस नुसती गरम हवा फेकत होता. नळीवर काळा डाग होता, मी स्वतः पाहिला होता. आई तो धूत होती तेव्हा मी खिडकीतून बघत होतो आणि तिला थांबवायला खाली उतरलो नाही. आणि तुम्हालाही ठाऊक होतं. अंबड सोडल्यावर तुम्ही हात पुढे करून बघितलात आणि म्हणालात, "अरे, ही तर गरमच हवा येऊन राह्यली. बंद कर, अन काच घे खाली." म्हणून तर काच खाली होती. तुम्ही खरं बोलला असतात तर तुमच्या विद्यार्थ्यासमोर, आईसमोर, दारात जमलेल्या गल्लीसमोर तुमचा मुलगा खोटारडा ठरला असता. 'चालू होता' हे तुमच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. आयुष्यभर पाहिलं ते बोलल्याशिवाय न राहिलेला माणूस त्या दिवशी पाहिलेलं गिळून बसला, माझ्यासाठी. मी त्याच वाक्यावरून तुमच्याशी अबोला धरला.

हे मला पुढे कधीतरी, वय झाल्यावर वगैरे उमगलं, असं इथे लिहिता आलं असतं. पण तसं नाही. मला तिथेच कळलं होतं, दादा. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं होतं.