ओढून बघितलं का?

मुदखेड,
मंगळवार, मे महिना

ती. स्व. अण्णाराव दाजी यांना मुदखेडहून मेव्हणा नरसिंगचा वाकून नमस्कार.

(वरच्या 'स्व.'चा अर्थ स्वरूप असा आहे. थोरामोठ्यांना असंच लिहायचं, असं आम्हाला सहावीत शिकवलं होतं. तुमच्या पोस्टमनने किंवा आमच्या सिंधुअक्काने दुसरा अर्थ घेऊ नये. तुम्ही आधीच माझ्यावर रागावलेले आहात, त्यात ही भर नको.)

आपली तब्येत कशी आहे? उजव्या हाताचं थरथरणं कमी आहे की तसंच आहे? अक्काचा गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही सर्व मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ऊन असं आहे की दुपारी दुकानाचं शटर ओढताना हाताला फडकं गुंडाळावं लागतं. कूलर दुरुस्तीला रांग लागली आहे. नागुबाई (माझ्याशी लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली तरी प्रकृती ठणठणीत) तुम्हा दोघांची रोज आठवण काढते आणि आठवण काढून झाली की माझ्याकडे बघते. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण दाजी, महिना झाला, तुम्ही माझा फोन उचलत नाही. अक्काला फोन केला आणि "दाजींना दे" म्हटलं की ती म्हणते, "ते गिरणीत गेलेत." आणि तुमचा खोकला तिच्या शेजारूनच ऐकू येतो. पत्र मात्र अक्का मोठ्यानं वाचते, तिला मनात वाचता येत नाही. तेवढ्यासाठी हे पत्र.

प्रथम पकडीविषयी. तुम्ही दोन वर्षांपूर्वी मला दिलेली लग दाबायची पकड सुखरूप आहे. (वायरीच्या टोकाला तांब्याची टोपी घालून दाबतात, तिला लग म्हणतात. दाजी, हे तुम्हाला सांगत नाही, अक्का वाचता वाचता विचारेल म्हणून लिहिलं.) ती अर्धवट दाबली की तोंड उघडत नाही, पूर्ण दाबावीच लागते, आणि तुमच्या हाताला पुरतं दाबणं जमेना तेव्हा तुम्ही ती मला दिली. अक्कानं जुन्या खाकी पँटच्या पायाची पिशवी शिवून दिली. तुम्ही मला समोर बसवून सगळं सांगितलं. रविवारी पुसायची, शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब खिळ्यांवर सोडायचा, दातांत तेल जाऊ द्यायचं नाही, चारच्या वायरीला चारचीच खाच घ्यायची, आणि दाबून झालं की वायर ओढून बघायची. मी सगळं ऐकलं, फक्त मधे एका गिऱ्हाइकाचा फोन आला. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "अडकली तर जीभ दाब." मला वाटलं, मी फोनवर अडकून बसल्याचं तुम्हाला आवडलं नाही आणि तुम्ही मला गप्प बसायला सांगताय. मी फोन ठेवला आणि बस सुटेपर्यंत एक अक्षर बोललो नाही. अक्काला वाटलं, वरणात मीठ जास्त झालं. असा मी आज्ञाधारक आहे, हे यावरून दिसून येईल.

रविवारी पुसणं चालू आहे. खंडेनवमीला तर मी तिची पूजा केली. स्टार्टर, मीटर, टेस्टर सगळं पाटावर मांडलं आणि पकडीला मधोमध बसवून हळदकुंकू वाहिलं. कुंकू जरा सढळ हातानं वाहिलं गेलं हे खरं. ते दातांत बसलं आणि वरच्या तेलात कालवलं गेलं. तेव्हापासून पकड चालताना दात खाल्ल्यासारखा आवाज करते. पण ते भक्तीपोटी झालं आहे. बदाम फोडायला मी ती कधीच दिली नाही. (एकदाच, आणि बदाम दोनच होते.)

आता गिरणीचं. दाजी, हे लिहायला बसलो आणि तीन वेळा उठून पाणी पिऊन आलो. फाल्गुनात मी शिरूर अनंतपाळला आलो, गिरणीच्या नव्या स्टार्टरची वायरिंग केली, सहा लग दाबले. तुम्ही मागं उभे होता. मिरची कांडायचा हंगाम तोंडावर होता. पाच लग चारच्या खाचेत दाबले, सहावा दाबताना माझं लक्ष घड्याळाकडे होतं, अहमदपूरची गाडी चुकली की नांदेड गाठणं अवघड. तो एक सहाच्या मोठ्या खाचेत गेला, म्हणजे आत वायर सैलच राहिली. पकड पूर्ण दाबली, कट् करून उघडली, वरून लगाला दाबल्याची खूण पडली आणि मी धरलं की झालं काम. तेव्हा तुम्ही विचारलंत, "नरसिंग, ओढून बघितलं का?"

तुमची ही सवय साऱ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. कुलूप लावलं की तुम्ही तीन वेळा ओढता. तुमच्या ऋतुजाच्या लग्नात जावयाला फेटा बांधून झाला तर तुम्ही तोही मागून ओढून बघितला, सगळा उलगडून तुमच्या हातात आला, वऱ्हाडी बघत राहिले आणि तुम्ही म्हणालात, "बरं झालं, आत्ताच कळलं." त्यामुळे तुम्ही विचारलंत ते मी सवयीनं ऐकलं. आणि मी म्हणालो, "हाव."

या एका 'हाव'नं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी मला लिहू द्या. तीन आठवड्यांनी गिरणीचा रिले पडायला लागला, मोटार चालता चालता बंद व्हायची. सिद्रामप्पा शेजारच्या वायंडिंगच्या दुकानातून उठून आले, मोटारीला कान लावून म्हणाले, "अण्णाराव, एक फेज गुरगुरून राहिली. लग बघू दे की." आणि तुम्ही म्हणालात, "लगाला हात लावायचा न्हाई. माझ्या मेव्हण्यानं दाबलाय, ओढून बघितलाय. तुम्हीच काल रिलेत बोट घातलंत." गिरणीत मिरचीचे डबे घेऊन वीस बायका उभ्या होत्या, त्यांच्यासमोर हे झालं, असं अक्का सांगते. सिद्रामप्पा टेस्टर खिशात घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी वायर लगातून आपोआप बाहेर आली, मोटार जळली आणि तिच्या धुरात मिरचीही मिसळली, सबंध गल्ली खोकत होती. मोटार वायंडिंगला उदगीरला न्यावी लागली, कारण शेजारी तीस वर्षं मोटारी बांधणारा माणूस बसलेला असताना त्याची पायरी चढायची तुमची हिंमत झाली नाही. तुम्ही मला फोन करून विचारलंत आणि मी उंदराचं नाव घेतलं. उंदीर तांबं खात नाही, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.

मोटारीचं एवढं नाही, दाजी, मोटार बांधून झाली, गिरणी चालू झाली. पण अक्कानं सांगितलं की रोज सकाळी नऊ वाजता गिरणीपुढच्या बाकड्यावर तुमचा दोघांचा एक चहा असायचा, कप तुमचा आणि बशी सिद्रामप्पांची. अक्का अजून कपबशी आणून ठेवते. तुम्ही कपातला चहा पिता आणि बशी कोरडी परत येते. हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी दुकानात एका कूलरची मोटार खोलत होतो. ती तशीच उघडी ठेवून बाहेर जाऊन उभा राहिलो. तीस वर्षांत तुमचं त्यांच्याशी एकदाही वाजलं नव्हतं. वाजलं ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवल्यामुळे.

आता त्या शब्दाचा खुलासा. मी नीट विचार केला आहे आणि मला असं आठवतं की त्याच वेळी आतून अक्कानं विचारलं होतं, "नरसू, आणखी एक धपाटं वाढू का?" आणि माझा 'हाव' तिला होता. तो वाटेत तुमच्या कानावर पडला आणि तुम्ही आपल्या प्रश्नाला लावून घेतला. (अक्का, इथं वाचताना थोडं थांब आणि आठवून बघ.) पुस्तकात हाव म्हणजे लोभ, आमच्याकडं हाव म्हणजे होय. म्हणजे धपाट्याची हाव आणि लगाचा हाव यांची सरमिसळ झाली, असा माझा नम्र खुलासा आहे. गैरसमज कुणाच्याही घरात होतात. आपल्या मनात किल्मिष राहू नये, एवढंच मागणं. 'लोभ असावा' लिहायला या घडीला तोंड नाही, म्हणून राग थोडा कमी व्हावा, ही विनंती. अक्काला नमस्कार.

आपला मेव्हणा,
नरसिंग

ता. क. – पकड सुखरूप आहे असं वर लिहिलं, त्यात एक किरकोळ बाब राहिली. नागुबाईचं एक जोडवं सैल झालं होतं. ती सोनाराकडे जा म्हणाली. मी म्हणालो, घरात पकड असताना सोनार कशाला. जोडवं सहाच्या खाचेत धरून दोन कट् दाबलं आणि थांबलो, कारण पुढं दाबलं तर चांदीचा लग होईल. आता पकड पुढं जात नाही आणि तोंडही उघडत नाही. अकरा दिवस झाले. रॉकेल लावून झालं, हातोडीही दाखवून झाली. नागुबाई एका पायात जोडवी घालून हिंडते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दुसरा पाय दाखवते. ही कशी सोडवायची ते फक्त तुम्हाला माहीत असणार. मी रविवारी पकड घेऊन येऊ का?

ता. क. २ – वरचं वाचून बघितलं आणि झोंबलं. अक्का, आठवायची गरज नाही. तू तेव्हा मागच्या अंगणात पापड वाळवत होतीस, तू मला काहीच विचारलं नव्हतंस. धपाटं मी आधीच खाल्लं होतं. दाजी, तो 'हाव' तुम्हालाच होता. मी ओढून बघितलं नव्हतं. तुमचा हात चालत असता तर तुम्ही मला विचारलंच नसतं, स्वतः ओढलं असतं. हात चालत नाही म्हणून तुम्ही माझ्या तोंडाचा भरवसा धरलात. याचं मला फार वाईट वाटतं. रविवारी आलो की पकडीचं नंतर बघू. आधी मला सिद्रामप्पांच्या दुकानात घेऊन चला. तुम्ही काही बोलू नका, मी सांगतो त्यांना. वीस बायका जमवता आल्या तर त्यांच्यासमोर सांगतो.

ता. क. ३ – दाजी, अक्का, मी नागुबाई. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. ते 'जीभ दाब' वाचलं आणि पकड हातात घेऊन बघितली, तर दोन मुठींच्या मधी खरंच एक बारकी जीभ हाय, कुंकवानं माखलेली. हेअरपिननं दाबली, पकड उघडली. ह्यांना सांगितलं न्हाई. सांगितलं तर हे रविवारचं येणं पुढं ढकलतील. म्हणून जोडवं परत आत धरून होतं तसंच दोन कट् दाबून ठेवलंय. तुम्ही सिद्रामप्पांच्या बाकड्यावर बसून सगळ्यांसमोर सोडवा. त्या जिभेला जोर लागत न्हाई दाजी, तुमच्या हातानं होईल. तोवर जोडवं निघायचं न्हाई. मी ओढून बघितलंय.