उशिरा आलेलं उत्तर

८ फेब्रुवारी १९८८, सोमवार

सकाळीच जिजाबाई सिस्टरांचा फोन. हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डातून. "चारुलताबाई, तुमच्या टर्मिनलले एका बाईचा रक्तगट विचारला, त्यानं सांगतला दुसऱ्याच बाईचा. मले दोघींचेही पाठ होते म्हणून समजलं. जरा येऊन पाहता का?"

गेले. टर्मिनल बंद करून परत चालू केलं. बारा वेळा विचारलं, बाराही वेळा उत्तर बरोबर. मी निघाले तेव्हा सिस्टर हळूच म्हणाल्या, "देवकी बी हेच म्हणत होती."

दुपारी डबा उघडला नाही.

९ फेब्रुवारी

देवकीचं लिहूनच टाकते. महिनाभर लिहायचं टाळलं.

आजच्याच तारखेला, गेल्या महिन्यात. काटोलच्या वच्छलाबाई म्हणून एक पेशंट. गट बी. देवकी नर्सने स्क्रीनवर पाहून चिठ्ठी लिहिली – ए. घाई होती, जुळवणी न करताच बाटली चढवली. बाईला हुडहुडी भरली, पाठ दुखायला लागली. जिजाबाईंनी बाटली बंद केली म्हणून वाचली. बारा दिवसांनी घरी गेली.

देवकी म्हणत राहिली, स्क्रीनवर ए होतं. मशीनच्या फाईलमध्ये बी. मग हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टर साहेबांनी आमच्या कॉम्प्युटर ऑफिसला विचारलं, मशीन चुकू शकतं का? उत्तर मी दिलं. प्रोग्राम माझाच ना. 'असा दोष संभवत नाही.' खाली सही. अर्ध्या तासात कागद टाईप करून पाठवला. लॉग, म्हणजे मशीनची रोजची नोंद, उघडूनसुद्धा पाहिला नाही.

देवकीला घरी बसवलं.

१० फेब्रुवारी

आज काही सापडलं नाही. सापडू नये असंही वाटतं, आणि या वाटण्याची भीती वाटते.

११ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं.

किती साधं आहे. वॉर्डातलं टर्मिनल प्रश्न पाठवतं – अमुक बाईचा गट कोणता? प्रश्न क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, पडतो. मुख्य प्रोग्राम तो उचलतो, फाईल पाहतो, उत्तर परत क्यूमध्ये टाकतो. उत्तरावर टर्मिनलचा नंबर असतो. तीन नंबरच्या टर्मिनलने तीन नंबरचं उत्तर उचलायचं. सहा महिने मला हे फार सुंदर वाटत होतं.

पण टर्मिनल वीसच सेकंद वाट पाहतं. मीच ठरवलेले वीस. तेवढ्यात ऑफिसात कोणी मोठा रिपोर्ट छापायला लावला की मुख्य प्रोग्राम अडकतो. टर्मिनल म्हणतं, 'पुन्हा प्रयत्न करा.' सिस्टर तो नाद सोडून पुढच्या पेशंटचं विचारतात. आणि पहिल्या पेशंटचं उत्तर उशिरा येऊन क्यूमध्ये पडलेलं असतं. नंबर तीनच! टर्मिनल तेच उचलतं. नाव दुसरीचं, गट पहिलीचा. तिथून पुढे टर्मिनल बंद करेपर्यंत प्रत्येक उत्तर एक घर मागे.

उत्तर कोणासाठी, हे लिहिलं होतं. कोणत्या प्रश्नाचं, हे लिहिलं नव्हतं.

मुद्दाम रिपोर्ट लावला आणि करून पाहिलं. तिसऱ्या प्रश्नालाच चुकीचा गट. फेब्रुवारीच्या लॉगमध्ये अशी उशिराची उत्तरं अकरा. जानेवारीचा लॉग टेपवर चढून पुण्याच्या ऑफिसात गेला. तो पाहायची गरज तरी काय आता?

छापलेला कागद हातात धरून तशीच बसले होते. बाजूच्या टेबलवरच्या इंदुताई म्हणाल्या, "काहून वं, बरं नाही का?"

१२ फेब्रुवारी

बाबनराव साहेबांना सांगितलं. आमचे मॅनेजर. त्यांनी दार लावून घेतलं. शांतपणे ऐकलं, तेच जास्त लागलं.

"दुरुस्त किती दिवसांत होते?"

"उद्यापर्यंत. प्रत्येक प्रश्नाला वेगळा नंबर द्यायचा, उत्तरावर तोच नंबर. जुळला नाही तर उत्तर टाकून द्यायचं."

"मग दे करून. सोमवारी दुसऱ्या दोन हॉस्पिटलची माणसं पाहायले येऊन राहिली. चारू, मी तुले खोटं बोलायले सांगून नाही राहिलो. कोणी विचारलं तर खरं सांग. पण कोणी विचारून राहिलं का?"

नाही. कोणीच विचारत नाहीये.

१३ फेब्रुवारी

दुरुस्ती झाली. दोनशे वेळा तपासली. बरं वाटायला हवं होतं.

१५ फेब्रुवारी, सोमवार

पाहुणे आले, खूश होऊन गेले. एकाने विचारलं, "हे चुकत तर नाही ना?" मी म्हणाले, "आता नाही." 'आता' कोणाला ऐकू गेलं नाही. बाबनराव साहेबांनी मात्र वर पाहिलं.

घरी बापूजींना सगळं सांगितलं. बापूजी जेवत होते. क्यू आणि मेसेज त्यांना काय कळणार. सगळं ऐकून एवढंच विचारलं, "त्या पोरीच्या घरी कमावणारं कोण आहे?"

मला माहीत नव्हतं. महिनाभरात विचारलंच नव्हतं.

१७ फेब्रुवारी

पत्र नेऊन दिलं. डॉक्टर साहेबांच्या हातात, बाबनराव साहेबांना न विचारता. जुन्या पत्रातलं वाक्य मागे घेते, दोष संभवतो, होता, माझ्या प्रोग्राममध्ये होता. देवकीने पाहिलं तेच लिहिलं.

त्यांनी दोनदा वाचलं. "हे महिनाभर आधी का नाही कळलं?"

"मी पाहिलंच नाही, डॉक्टर."



१८ फेब्रुवारी

बाबनराव साहेब बोलत नाहीत. माझं टेबल दाराजवळ हलवलं.

२० फेब्रुवारी, शनिवार

जिजाबाईंकडून पत्ता घेऊन जरीपटक्याला गेले. बाजाराच्या मागे एक खोली. देवकी शिलाईवर बसली होती, फॉल लावायचं काम घेते. म्हातारी आई, शाळेतली बहीण. कमावणारी हीच.

वाटलं होतं, दार आपटेल. तिने पाणी दिलं. मी सांगितलं सगळं, वीस सेकंदांसकट. ती फॉलची सुई हातात धरून ऐकत होती.

मग म्हणाली, "ताई, पहिले आठ दिवस मी सांगत राहिली, स्क्रीनवर ए च होतं. मग सगळेच म्हणू लागले. तुमचं पत्र बी आलं. आता डोळे मिटले का मले स्क्रीनवर बी च दिसते. मीच चुकली अशीन."

"नाही गं," मी म्हणाले. "तू नाही चुकलीस. तो प्रोग्राम चुकला. मी चुकले."

"पक्कं सांगता?"

"पक्कं."

तेव्हा रडली. आईही रडली. मी तिचा हात धरून बसले. किती दिवसांनी मला नीट श्वास आला.

२६ फेब्रुवारी

हुकूम निघाला. देवकीला मंगळवारपासून परत घेतलं, मधल्या दिवसांचा पगारही देणार. जिजाबाईंनी फोनवर सांगितलं, "वॉर्डात पेढे वाटले बाप्पा."

फाईलला जोडायला डॉक्टर साहेबांना जानेवारीच्या लॉगचा कागद हवा आहे. पुण्याहून टेप मागवली.

१ मार्च, मंगळवार

टेप आली. ९ जानेवारी, तीन नंबरचं टर्मिनल. चार वेळा काढून पाहिलं. सकाळी चालू केल्यापासून त्या टर्मिनलवर उशिराचं एकही उत्तर नाही. वच्छलाबाईंसाठी प्रश्न एकच. उत्तर चार सेकंदांत, म्हणजे स्क्रीनवर तेच दिसलेलं. गट बी.

कागद घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. देवकी पहिल्या पाळीला रुजू झाली होती. स्क्रीनवरचा गट मोठ्याने वाचत होती, जिजाबाई ऐकून लिहीत होत्या. मला पाहून हसली.

कागद घेऊन परत आले.