साहेबांचा निशाणा आणि तुमची पेन्सिल

बाबा, माणूस मेला की कुठे जात नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. तेव्हा हे पत्र कुठे जाणार नाही हे मला माहीत आहे, आणि उत्तराची अपेक्षाही नाही. जिवंतपणी तरी तुम्ही कुठे कधी सरळ उत्तर दिलंत. तरी लिहिते आहे, कारण गोष्टच अशी आहे की सेक्टर दहामधल्या एखाद्या शेजारणीला सांगितली तर ती आधी हसेल आणि मग माझ्या मुलीला फोन करेल. मुलीला मी स्वतःच फोन करून पाहिला. ती पुण्याहून म्हणाली, "मम्मी, तुले काय झालं? योगा कर न, सब करते हैं." मी बंदुकीच्या क्लबात नाव घालायचा विचार करत होते. या वयात. स्टील प्लांटच्या दवाखान्यातल्या लॅबमधून रिटायर झाल्यावर, गुडघे कुरकुरत असताना, चष्म्याशिवाय पेपरचा मथळाही दिसत नसताना. फी ऐकल्यापासून एकच प्रश्न डोक्यात होता, की एवढ्या पैशांची ही गोष्ट आहे का. तुम्ही असता तर म्हणाला असता, "कावून? कोनाले मारून राहिली तू?"

क्लब म्हणजे सुपेल्याच्या चौकातून थोडं पुढे, एका टाइल्सच्या दुकानावरचा मजला. खाली कमोड आणि वॉशबेसिन मांडलेली, वर देश घडवणं चालू. जिन्यात एक बोर्ड आहे, त्यावर शिस्त, संयम आणि स्वाभिमान असं मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहिलं आहे आणि बोर्डाच्या खालचा कोपरा पान खाणाऱ्यांनी रंगवून टाकला आहे. आत लांबलचक हॉल, एसी, भिंतीवर वाघाचं पोस्टर. बंदुका हवेच्या, छर्ऱ्याच्या. बारूद नाही, धूर नाही. एका टोकाला आपण उभं राहायचं, दुसऱ्या टोकाला लाकडी फळीवर कागद लावलेला असतो, त्यावर काळं वर्तुळ. फीचा आकडा इथे लिहीत नाही, तुम्ही खाटेवरून खाली आला असतात. शिवाय छर्ऱ्याचे वेगळे, जाकिटाचं भाडं वेगळं, आणि चहा मात्र फुकट, तो प्यायल्यावर का फुकट आहे ते कळतं.

सभासद पाहिले. बाबा, काय सांगू तुम्हाला. त्यातला मुख्य एक ठेकेदार आहे, प्लांटला माणसं पुरवतो. त्याच्या जाकिटाला इतके खिसे आहेत की एखाद्या दिवशी त्यातून मजूरच बाहेर काढून दाखवेल. तो येतो, बंदूक खांद्याला लावून एक डोळा मिटतो, दुसरा फोटो काढणाऱ्याकडे ठेवतो, आणि मग समोसा खातो. निशाण्याशी त्याचं एवढंच नातं. मला म्हणाला, "मॅडम, बाद में लाइसेंस लेना हो तो ये मेंबरशिप काम आती है." म्हणजे हे सगळं देशप्रेम कमरेला पिस्तूल लटकवण्यासाठी. मग त्याने विचारलं, "पूरा नाम?" मी सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा अच्छा. नागपुर साइड." दोनदा अच्छा म्हणणाऱ्याला काय कळलं ते आपल्याला लगेच कळतं, ते तुम्हाला मी काय सांगायचं. वर म्हणाला, "आजकल सब आ रहे हैं, बढ़िया है." जणू याच्या आजोबाने ती टाइल्सची इमारत स्वतःच्या घामाने बांधली आणि आम्ही आता फुकट आत शिरतो आहोत. मी तेव्हाच उठून यायला हवं होतं. आले नाही, कारण माझ्या डोक्यात तुमची चरोद्याची फायरिंग रेंज होती.

तुम्ही रेल्वे यार्डात वॅगन राखणारे शिपाई. खाकी शर्ट, पट्टा, आणि वर्षातून एकदा चांदमारी, नेमबाजीची. चांदमारीच्या आदल्या दिवशी आपलं स्वयंपाकघर सरकारजमा व्हायचं. आई स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवते आहे, त्यात चिमूटभर मोरचूद टाकते म्हणजे किडे लागत नाहीत, आणि मला ओरडते आहे, "हात नको लावू, जहर हाय ते." तुम्ही खाली बसून कागदाचे चौकोनी तुकडे कापता आहात, काही काळे, काही पांढरे. कारण तुमची ड्यूटी बंदूक चालवायची कमी आणि खड्ड्यात बसायची जास्त. टारगेटच्या खाली खड्डा, त्यात तुम्ही आणि तुमचे दोघे-तिघे सोबती. वरून गोळ्या जाणार, मग तुम्ही टारगेट खाली ओढणार, भोकं मोजणार, खळ लावून तुकडे चिकटवणार आणि टारगेट परत वर सरकवणार. आणि तुमच्या खिशात पेन्सिल. संध्याकाळी जेवताना तुम्ही आईला हसत सांगायचात, की मोठ्या साहेबांच्या गोळ्या मागच्या टेकडीत गेल्या, एकही कागदाला शिवली नाही, आणि साहेबांना ढाल मिळाली. "निशाना साहेबाचा, पेन्सिल आपली." मी विचारायची, कोणी ओळखत कसं नाही? तुम्ही ताटातला वरणाचा हात पुसून मला दाखवलं होतं, रद्दीच्या कागदावर. "कागद पलटवून पाय. गोळी समोरून येते, तिची काजळी समोर राहते. आमी मागून येतो, शिसं मागं चमकते. पन साहेब कागद कशाले पलटवते?"

नववीत असताना मी तुम्हाला विचारलं होतं, "बाबा, तुमाले लाज नाही वाटत?" आईचं लाटणं थांबलं. तुम्ही चिडला नाहीत, हेच मला जास्त लागलं. म्हणालात, "साहेबाच्या भोकानं कोनी मरत नाही. त्याचा मूड गेला का आमची सुट्टी मरते. जेव आता." मी जेवले, पण त्या दिवसापासून तुमच्याबद्दल माझ्या मनात एक तुच्छता बसली ती बसलीच. घरात बाबासाहेबांची तसबीर, कोणापुढे वाकायचं नाही असं रोज आम्हाला सांगायचं, आणि खड्ड्यात बसून साहेबांच्या कागदाला भोकं पाडायची. मी ठरवलं होतं की मी तुमच्यासारखी होणार नाही. असं ठरवायला माझ्याकडे आधारही होता, आणि तो आधार तुम्हीच दिलेला होता.

तो दिवस त्याच्याही आधीचा, मी सहावीत असतानाचा. त्या वर्षी चांदमारीला घरच्यांनाही नेलं होतं. बायकांना खुर्च्या, पोरांना बुंदीचे लाडू, आणि ज्याला हवं त्याला छोट्या रायफलीच्या पाच गोळ्या. पोरगे लाजले, मी पुढे झाले. तुम्ही पलीकडे खड्ड्यात. मी पोटावर पडलेली आहे, जमीन तापलेली, दस्ता खांद्याला रुततो, आणि मी डोळे मिटून घोडा ओढते आहे, पाचही वेळा. मग टारगेट येतं. सगळी भोकं काळ्यात. साहेब म्हणाले, "लड़की का हाथ देखो," आणि मला स्टीलचा डबा दिला. तुम्ही तो कागद घरी आणलात, पुठ्ठ्यावर स्वतः खळीने चिकटवलात, टिकावा म्हणून, आणि आरशाच्या शेजारी टांगलात. दुसऱ्या कुणाचा कागद घरी आल्याचं मला आठवत नाही.

त्या कागदावर मी जगले आहे, बाबा. लॅबमध्ये डॉक्टर माझा रिपोर्ट माझ्यासमोर दुसऱ्याला तपासायला द्यायचे तेव्हा, भाड्याचं घर पाहायला गेल्यावर आडनाव ऐकून "कळवतो" म्हणायचे तेव्हा, मी मनात म्हणायचे, बोला, बोला, पण हा हात कसा आहे ते तुम्हाला माहीत नाही. कुणाला सांगितलं नाही कधी. पण ते होतं. क्लबाचा बोर्ड पाहून मी जिना चढले तीही त्याच जोरावर. त्या खिसेवाल्यांना दाखवायचं होतं की बंदूक कशी धरतात.

मग ट्रायल झाली. कोच म्हणवणारा एक तरतरीत माणूस आहे, त्याने मला जाकीट घातलं, बंदूक दिली, मी छर्रे मारले. तो कागद काढायला गेला, फळीच्या आड क्षणभर वाकला, आणि परत आला तो ओरडतच. "मॅडम, क्या ग्रुपिंग है! पहली बार में!" ठेकेदाराने टाळ्या वाजवल्या. काळ्या वर्तुळात भोकंच भोकं. मला फार आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते पण झाला. आणि तेवढ्यात माझ्या बोटांनी कागद पलटवला. मी नाही, बोटांनी. मागे प्रत्येक भोकाभोवती शिसं चमकत होतं. कोचच्या कानामागे पेन्सिल होती, बिचाऱ्याने लपवायचीही तसदी घेतली नव्हती. कारण हे साहेब कागद पलटवत नाहीत, हे त्यालाही माहीत आहे. सगळ्या सभासदांचे फ्रेम केलेले कागद भिंतीवर वाघाच्या शेजारी टांगलेले आहेत. ठेकेदाराचा सर्वांत मोठा.

मी घरी आले ती मनात हसत. काय माणसं ही, स्वतःच्या पैशाने स्वतःला फसवून घेतात आणि वर फ्रेमचेही पैसे देतात. अशांच्यात बसायचं तर फी त्यांनी मला द्यावी. हे असं मनात म्हणत मी चहा ठेवला, आणि दूध उतू जाईपर्यंत गॅसपाशी उभी राहिले. मग दिवाणाखालची आईची लोखंडी पेटी ओढून काढली. तुमचा पट्टा, डबा, आणि पुठ्ठा.

पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदाची मागची बाजू कोणी पाहत नसतं. मी परातीत कोमट पाणी घेतलं आणि तो त्यात ठेवला. आईची खळ चांगली होती, सुटता सुटेना. मी म्हणत होते, साहेबांना तुम्ही घाबरत होता, मला कशाला घाबरला असाल; माझी कुठे तुमच्या सुट्टीवर सही होती. कागद सुटला. काळ्यातल्या सगळ्या भोकांना मागून चमक होती. खरं भोक एकच, पांढऱ्यात, पार कोपऱ्याजवळ, समोरून पांढरा तुकडा चिकटवून बुजवलेलं.

मला तुमचा फार राग आला, बाबा. मेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं. तुम्ही मला साहेबांच्या रांगेत बसवलंत. मला खोटी ढाल दिलीत आणि मागची बाजू दिसू नये म्हणून ती चिकटवूनही ठेवलीत. लेकीवर माया होती म्हणून केलंत, हे न कळायला मी मूर्ख नाही. पण साहेबांसाठी आणि माझ्यासाठी तुमच्याकडे एकच पेन्सिल होती, हे मला सहन होत नाही. त्या ठेकेदाराला मी वाटभर हसले. त्याचा कागद भिंतीवर आहे, माझा आरशाशेजारी होता, एवढाच काय तो फरक.

शेवटी फी भरली. मुलीला कळवलं, ती "मम्मी यार" म्हणाली. ती माणसं आवडायला लागली म्हणून भरली नाही. ती आहेत तशीच आहेत आणि चहाही तसाच आहे. भरली ती एवढ्यासाठी, की माझा हात कसा आहे हे मला आयुष्यात कधी कळलेलंच नाही. ते कळायला जे पैसे पडतील ते पडोत, असा हिशेब मी केला आणि तो बरोबर आहे असं मला अजून वाटतं.

परवा सभासद म्हणून पहिल्यांदा गेले. यावेळी डोळे उघडे ठेवले, सावकाश मारलं. कोच कागद आणायला निघाला तर त्याला म्हटलं, "आप रहने दो," आणि पर्स खांद्याला लावून स्वतः त्या टोकाला चालत गेले. कागद जवळजवळ कोरा होता. कोपऱ्याजवळ एक भोक, सहावीत होतं तिथेच. मागून ठेकेदार विचारत होता, "मॅडम, कैसा रहा?" मी फळीच्या आड होते, कुणाला दिसत नव्हते. हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून तुम्हाला सांगते, बाबा. मी पर्समध्ये हात घालून पेन्सिल शोधली.