फोडांचा सौदा

कूस गाव, दक्षिण इजिप्त, जमादिलावल ३, हिजरी १२६०

नाव आली एकदाची! कैरोहून निघून महिना झाला. नदीला पाणी नाही, जागोजागी वाळूत रुतली म्हणे. डबीत काचेच्या दोन पट्ट्या, मधे लशीचा वाळका थर, कडेला मेण. मेण एका बाजूने वितळलंय. उन्हाळाच तसा आहे. थोडी खराब झाली असेल – सगळी कशी होईल?

विणकर आळीत देवीने आज आणखी एक पोर गेलं.

जमादिलावल ४

अंगणात सगळ्यांसमोर उमरानला टोचलं. माझाच चार वर्षांचा मुलगा. त्याला टोचलेलं पाहून तरी लोकांची भीती जाईल असं वाटलं होतं. कसलं काय! शेजारची रश्वानची आई भिंतीवरून म्हणाली, "हकिमा, ही तर पाशाची खूण. मोठा झाला की दंड बघून उचलतील पलटणीत!" सगळे हसले. एकानेही आपलं पोर पुढे केलं नाही.

गाईला येणाऱ्या देवीची लस माणसाला मोठ्या देवीपासून वाचवते, हे कैरोच्या वैद्यकशाळेत मी डोळ्यांनी पाहिलंय. इथे गाईचं नुसतं नाव काढलं की खिदळतात.

जमादिलावल ५

रतीबाशी कडाक्याचं भांडण. थोरली बहीण आहे, पण अक्कल? आपल्या पोरीसाठी, हमीदासाठी, देवीचे फोड विकत घेऊन आली! आजीने आमच्यासाठी घेतले होते तसेच. खजूर घेऊन आजारी पोराच्या दारात जायचं, एका खजुराला किती फोड यावर घासाघीस करायची, मग त्या फोडांतला पू काट्याने आपल्या पोराच्या हातात टोचायचा. फुकट घेतलेला गुण देत नाही म्हणे!

"अगं, हे फोड सौम्य येतात, पण खऱ्या देवीचेच असतात. तिच्यापासून दुसऱ्यांना लागण होईल त्याचं काय?"

"आणि तू रे कशामुळे जगलास? काचेच्या तुकड्यामुळे?"

जेवताना वहीबा हळूच म्हणाली, "अहो, आपणही घेऊ या का उमरानसाठी? दोन्ही असू दे." मी नको म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

जमादिलावल ११

आतापर्यंत टोचल्या जागी पाणीदार फोड यायला हवा होता, मधे खळगी असलेला. उमरानच्या दंडावर लाल ठिपका आहे.

"एवढंच?" – वहीबा.

"एवढंच असतं."

कधीकधी एवढंच असतं. असतं ना?

जमादिलावल १६

हमीदाला ताप येऊन गेला. अंगावर मोजके फोड, आणि पोरगी उठून बसून कलिंगड मागतेय. रतीबाच्या दारात बायकांची झुंबड, प्रत्येकीच्या ओढणीत खजूर. माझ्या दारात कुत्रंही नाही. रश्वानची आई तेवढी घेत नाही, कारण तिच्या नातीला खोकला आहे आणि आजारी पोराला फोड घ्यायचे नसतात.

माझं डोकं फिरलं. उमरानला उचललं आणि सगळ्यांच्या देखत हमीदाशेजारी नेऊन बसवलं. "बघा! टोचलेल्या पोराला काही होत नाही!" संध्याकाळपर्यंत खेळला तिच्याशी, तिच्याच फोडीतलं कलिंगड खाल्लं. वहीबा दारात उभी होती.

जमादिलावल २२

रश्वानच्या आईची नात बरी झाली. हमीदाच्या खपल्या एव्हाना पडून गेल्या, म्हणून म्हातारी विणकराच्या आजारी पोराकडे गेली होती. तशीच परत आली, खजूर ओढणीत जसेच्या तसे.

"का हो?"

"मरणाऱ्या पोराकडून कोणी घेतं का, हकिमा? जगणार असेल त्याच्याकडूनच घ्यायचं."

मी हसलो तिला.

जमादिलावल २४

विणकराचं पोर गेलं.

जमादिलावल २८

उमरानला ताप. उन्हात फार हुंदडतो.

जमादिलाखर १

तोंडात पुरळ. कपाळावरही.

लस मेलेली होती. उन्हाने मेली वाटेतच. वितळलेलं मेण मी पाहिलं होतं! पाहिलं होतं, तरी त्याच पट्टीवरची टोचली आणि मग पोराला उचलून देवीच्या मांडीवर नेऊन बसवलं.

जमादिलाखर ३

वहीबा माझ्याशी बोलत नाही. भाकरी ठेवते, पाणी ठेवते, आत जाते. लस चांगलीच असते, ही तेवढी बिघडलेली होती – हे तिला सांगावंसं वाटतं. कोणत्या तोंडाने?

रतीबा येऊन रडली. "माझ्या पोरीमुळे झालं रे." नाही ताई, नेऊन बसवला मी. मोठ्याने म्हणालो. वहीबाने ऐकलं आणि पाठ फिरवली.

जमादिलाखर ६

डोळे सुजून मिटलेत. चेहऱ्यावर बोट ठेवायला जागा नाही. "बाबा, दिवा लावा ना." भर दुपारी.

रश्वानची आई आली. ओढणीच्या गाठीत खजूर होते. वहीबा ताडकन उठली, बाजूला सरून तिला जागा करून दिली. म्हातारी उमरानकडे बघत राहिली. बराच वेळ. मग गाठ न सोडताच निघून गेली.

वहीबा भिंतीशी बसलीय. रडतही नाही.

म्हातारीचं चुकतही असेल. चुकलं असेलच कधीतरी! अडाणी बाई! फोड बघून कोणाला काय कळतं? मला कळत नाही, तिला कळणार?

जमादिलाखर ८

पाणी गिळवत नाही त्याला. शिकलेलं सगळं आठवून पाहिलं. ओलं फडकं ठेवण्यापलीकडे हाती काही नाही. दारात पावलं वाजली की माझी मान वर होते. लोक पुढे निघून जातात.

जमादिलाखर ९

एक घोट गेला घशाखाली. नंतर अजून एक.

जमादिलाखर ११

सकाळी त्याचा डावा डोळा किलकिला झाला. मला म्हणाला, "बाबा, तुम्ही दाढी नाही विंचरली."

थोड्या वेळाने रश्वानची आई आली. नात कडेवर. उमरानवर वाकली, नीट पाहिलं, आणि मग उंबऱ्यातच बसकण मारून ओढणीची गाठ सोडली.

"बोल हकिमा, एका खजुराला किती?"

हे फोड देऊ नयेत, साथ पसरते, असं गावभर मीच सांगत फिरलो होतो.

"दोन!" वहीबा आतून कडाडली. "दोनाच्या वर एक मिळणार नाही!"

"तीन दे गं. खजूर बघ केवढे आणलेत!"

"दोन म्हणजे दोन!" आणि मग माझ्याकडे वळून – "अहो, रडत काय बसलात? काटा आणा."