दोन कुर्ते, एक निशाणी

माय, काल मी कोर्टात उभा राहिलो. साक्षीदार म्हणून, पण तू असतीस तर आधी घाबरली असतीस आणि मग विचारलं असतंस, "कायले गेलता रे? कोनाचं लुगडं हरवलं?" लुगडं नाही, कुर्ता होता. टीव्हीवर गाणारा एक मोठा गायक दोन वर्षांपूर्वी नवरात्रात यवतमाळला आला होता. त्याची मंडळी, म्हणजे मॅनेजर, ड्रायव्हर, वाजवणारे, आठ दिवस लॉजवर उतरली, कपडे माझ्या लॉन्ड्रीत यायचे. शेवटच्या दिवशी भरदुपारी गायकाचा त्याच्याच खोलीत खून झाला. लॉजच्या कॅमेऱ्यात त्या खोलीत शिरणारा माणूस दिसतो, पण पाठमोरा. पांढरा कुर्ता, गळ्याला लाल पट्टी. तसे कुर्ते मंडळीतल्या सगळ्यांना एकाच मापाचे शिवलेले. मागच्या नाल्यात रक्ताचे डाग पडलेला एक कुर्ता सापडला आणि गळपट्टीच्या आत बिब्ब्याची निशाणी होती. दोन टिंबं, खाली एक रेघ.

बिब्बा तूच शिकवलास. आता सगळे कपड्याला कागदाची चिठ्ठी टाचतात. मी अजून सुईचं टोक बिब्ब्याच्या तेलात बुडवतो, प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी खूण करतो, वर चुना लावतो. कपडा फाटेल, खूण जाणार नाही. पोलिसांनी कुर्ता पुढे धरला तेव्हा एका नजरेत सांगून टाकलं, "ड्रायव्हरचा हाय." वर छाती काढून हेही, की आमची निशाणी मायच्या काळापासून कधी चुकली नाही. त्याच दिवशी ड्रायव्हरला धरलं. तेव्हापासून तो आत आहे.

चुकली नाही म्हणे! तुला कसं फसवणार? मी आठ-नऊ वर्षांचा आहे, बाभुळगावच्या नदीवर तू कपड्यांच्या भट्टीखाली कपाशीच्या पऱ्हाट्या सारते आहेस आणि मी शाळेत म्हणायची ढगांची कविता घोकत निशाण्या करतो आहे. नव्या नवरीचं लुगडं गेलं भलत्याच घरी. तू मला दंडाला धरून दोन्ही दारांत उभं केलंस. "मी नाही सांगनार. तुह्या तोंडानं सांग." मी रडत रडत सांगितलं. संध्याकाळी मात्र ओल्या हातानं माझं तोंड पुसून म्हणालीस, "म्हन आता ते कविता. जिच्यापायी लुगडं गेलं ते आयकू तर दे." मी अख्खी म्हटली. तू भट्टी ढवळत ऐकलीस आणि म्हणालीस, "चांगली हाये. पन ढगाईचं काय कौतुक बाप्पा, आपल्याले ऊन पायजे." अजूनही कुठलीही कविता मनात आली, की मला आधी भट्टीतल्या सोड्याचा वास येतो. शाळेतल्या सगळ्या कविता मला पाठ आहेत माय, आणि सगळ्यांना तोच वास आहे.

समन्स आलं त्या सकाळी सुनेनं मोबाइलवर लॉजच्या कॅमेऱ्यातला तो व्हिडिओ दाखवला. ती माणसाकडे पाहत होती, मी बाहीच्या घडीकडे. माझी इस्त्री. तशा बाह्या मी एकामागून एक इस्त्री करून काढल्या होत्या, आणि एकदम आठवलं. ड्रायव्हरनं आपलं आणि मॅनेजरचं गाठोडं एकत्रच आणलं होतं, आणि मी कवितेच्या तंद्रीत दोन्हींवर एकच खूण केली होती. धुतलेले कपडे नेल्यावर मॅनेजर संध्याकाळी हसत परतही आला होता, "काका, ही लुंगी कोणाची? मी लुंगी नेसतच नाही." मी बदलून दिली आणि विसरलो. म्हणजे नाल्यातला कुर्ता दोघांपैकी कोणाचाही.

सून म्हणाली, "बाबा, आधी सांगितलं तेच सांगा. नाहीतर लोक म्हनतीन म्हाताऱ्यानं पैसे खाल्ले." खरं सांगतो, पिंजऱ्यात चढेपर्यंत मीही तेच सांगणार होतो.

सरकारी वकिलांनी कुर्ता दाखवला. "निशाणी तुमची?"

"माझीच."

"कोणाच्या कपड्यांवरची?"

समोर ड्रायव्हर मान खाली घालून बसला होता, शर्ट चुरगळलेला. "ड्रायव्हरच्या," मी म्हणालो, "अन् मॅनेजरच्याबी."

वकील तापले. "पोलिसांना तर एकच नाव सांगितलं होतं! आता दुसरं कोणी आठवून दिलं?"

"इस्त्रीनं, साहेब."

लोक हसले. जज्जसाहेबांनी विचारलं, "बाबा, आयुष्यभर हेच काम करता ना? मग अशी चूक कशी झाली?"

"कामात कविता म्हनतो मी."

पुन्हा हशा. साहेब मात्र हसले नाहीत, शेजारी टाइप करणाऱ्याला म्हणाले, "घ्या. साक्षीदार काम करताना कविता म्हणतो." कागदावर उतरलेली माझी पहिली ओळ ती, माय.

निकाल लागायचा आहे. ड्रायव्हरनं खून केला की नाही, मला ठाऊक नाही.

तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं मीच वाचून दाखवायचो, आणि तुझ्या मनाला लागेल ती ओळ गुपचूप गाळायचो. हे पत्र वाचून दाखवलं असतं, तर पुढचं गाळलं असतं. कोर्टाच्या व्हरांड्यात ड्रायव्हरची बायको बसली होती. गर्दीत तिला आत जागा मिळाली नव्हती. कोणीतरी तिला सांगितलं, म्हाताऱ्यानं तुझ्या नवऱ्याच्या बाजूनं सांगितलं. त्याला आत घालणारा म्हातारा हाच, हे तिला ठाऊक नव्हतं. ती धावत आली आणि वाकून पाया पडली.

मी पाय मागे घेतले नाहीत.