मागच्या खोलीखालची भिंत

१४ मे, बुधवार

नव्या भिंतीच्या आखणीची दोरी बांधली. मागच्या खोलीच्या पलीकडे, जिथून परस नाल्याकडे उतरतं, तिथे. दर पावसाळ्यात तिथली माती वाहून जाते आणि नाला घराच्या थोडा आणखी जवळ येतो. कोणी बोलत नाही, पण मी दरवर्षी पाहतो. भिंत कमरेच्या खालीच राहील. दारव्ह्याहून सिमेंटचे ठोकळे आणले — मागे कडा असलेले, एकावर एक अडकून बसतात. सांध्यात सिमेंट लागत नाही.

बाबा चर पाहून म्हणाले, "एवढं खोल कायले? विहीर खोदून राह्यला का?"

पहिला थर जमिनीत गाडावा लागतो, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. बाबांनी मान हलवली म्हणजे पटलं असं नसतं.

१९ मे, सोमवार

दिवसभर फक्त पहिला थर. पाण्याची नळी लावून एकेका ठोकळ्याची पातळी पाहिली. कलला की काढायचा, खालची गिट्टी सारखी करायची, पुन्हा ठोकायचा. हा थर चुकला तर वरचे सगळे थर तीच चूक करत जाणार.

शेजारचे भगवानराव कुंपणाला टेकून — "संघर्ष, भिंत बांधतं का दागिना घडवतं?"

२७ मे, मंगळवार

आज बाबांशी वाद. भिंत उभी झाली, मागची पोकळी भरायची राहिली. ठोकळेवाल्याने बजावलं होतं — भिंतीला लागून गिट्टी भरा, तळाशी भोकं पाडलेला पाइप ठेवा, पाण्याला वाट द्या. काळी माती भिंतीला लावू नका, ती फुगते. गिट्टी आणून ठेवली होती. पाइपही.

दुपारी बाबा ट्रॉलीभर काळी माती घेऊन आले.

"गिट्टीत वांगे लागतेत का? सांबाराची जुडी निघते का?"

"बाबा, ही माती फुगते."

"फुगू दे. जल्मभर दुसऱ्याच्या वावरात राबलो. एवढी एक ट्रॉली माह्यी हाये. तिच्या जागी गोटे टाकू?"

मी पाइप उचलून बाजूला ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकट्याने माती लोटली, पायाने दाबली, खोलीच्या जोत्यापर्यंत सपाट केली. हातात ढेकूळ घेऊन चुरत बसले होते. गिट्टी अंगणात तशीच पडली आहे.

१२ जून, गुरुवार

बहीण दीपा आली. पहिलं बाळंतपण. आई नाही, म्हणून नलूआत्या उमरखेडहून आली. दोघींना मागची खोली दिली. घरातली तीच गार.

२९ जून, रविवार

भाची झाली. काल दवाखान्यातून घरी आणली. दोघी बऱ्या आहेत. बाळाला आत्या कोणाला फार वेळ पाहू देत नाही. बाबांनी नव्या मातीत वांग्याची रोपं लावली.

ओळंबा लावून पाहिला. भिंत सरळ.

६ जुलै, रविवार

पाऊस उघडत नाही. भिंत सरळ आहे, केसाएवढीही हललेली नाही. तरी मला बरं वाटत नाही. भिंतीमागच्या मातीत पाय ठेवला तर घोट्याच्या वर आत गेला. भिंतीतून नाल्यात पाणी उतरत नाही. पूर्वी सगळं वाहून जायचं. आता आम्ही ते घराजवळ अडवून धरलं आहे.

बाबा खूश. "पाह्यलं? एक ढेकूळ नाई गेलं."

७ जुलै, सोमवार

मागच्या खोलीचं दार लागत नाही. आत्या म्हणाली, पावसाळ्यात दारं फुगतातच.

दार पत्र्याचं आहे. चौकट लोखंडाची.

९ जुलै, बुधवार

खिडकीखालून कोपऱ्याकडे भेग. सकाळी तिच्या टोकाला पेन्सिलने खूण केली. संध्याकाळी भेग खुणेच्या पुढे.

दीपाला पुढच्या खोलीत हलवू म्हटलं. आत्या उसळली, "ओली बाळंतीन हाये ते. पुढं दिवसभर मानसं येतात-जातात. पोरीचं नाव ठेवल्याबिगर मी तिले उंबऱ्याबाहीर काढत नाई."

दीपा बाळाला पाजत होती. हसत म्हणाली, "आत्या, याले लहानपनापासून सगळीकडं भेगाच दिसतात. शाळेत फळ्यालेही दिसत होत्या, म्हनून तं दहावीनंतर गेला नाई."

सगळे हसले. मीही. बाजेचं उशाकडचं टोक भेगेखालीच आहे.

१० जुलै, गुरुवार

दीपा आज स्वतःच उठली. बाळाच्या दुपट्यावर वरून माती पडली होती. तिने दुपटं माझ्यासमोर झटकलं आणि म्हणाली, "बाज उचल."

आता त्या पुढच्या खोलीत आहेत. आत्या माझ्याशी बोलत नाही. बाबाही कमीच.

१२ जुलै, शनिवार

भेग आता बोट जाईल एवढी. दुसरा उपाय सुचेना. भिंतीमागचं पाणी गेलं तर माती बसेल, खोलीवरचा जोर उतरेल. म्हणून ठोकळे उचकटायला लोखंडी सब्बल घेतली.

बाबा आडवे उभे राहिले. "वाकली का ते?"

"नाही."

"फुटली?"

"नाही."

"मंग कायले तोडतं?"

दीपा दारातून म्हणाली, "बाबा, करू द्या त्याले." तेव्हा ते बाजूला झाले.

मधले ठोकळे काढले. आधी काळं पाणी आलं, मग चिखल. रोपं गेली. चिखल नाल्यात जाताना बाबा पाहत होते. मग म्हणाले, "आता तरी झोप लागन तुले," आणि पाय धुवायला निघून गेले. माझ्या हातांना मातीचा वास अजून आहे.

१४ जुलै, सोमवार

ऊन पडलं. भेगेच्या टोकाला शनिवारी केलेली नवी खूण तिथेच. भेग वाढली नाही. दार लागलं!

भगवानराव सांगत फिरतात — पोट्ट्याने पंधरा दिवस भिंत बांधली आणि एका दिवसात फोडली. सांगू देत.

बाबा जेवण झालं की मागच्या खोलीत पडतात. "घर माह्यं हाये. कोनाच्या बापाची भीती हाये का?" मी नको म्हटलं, पण जोर देऊन नाही. दार लागत होतं. आणि त्यांची माती मी नाल्यात घातली होती, आणखी किती बोलणार?

१७ जुलै, गुरुवार

यवतमाळ, दवाखान्याच्या पायऱ्यांवर लिहितो आहे. परवा दुपारी मागची खोली गेली, बाबा आत झोपलेले. भिंतीतल्या खिंडारातून उरलेली माती सरकली, जोत्याचे दगड तिच्यामागे. खोली त्या मातीला टेकून उभी होती आणि माती माझ्या भिंतीला.

बाबा आज शुद्धीवर आले. म्हणाले, "भिंत?"

"आहे," म्हटलं. "उद्या ठोकळे परत लावतो."

डाव्या पायाचं त्यांनी अजून विचारलेलं नाही.