दोन चौदा

प्रिय सम,

या नावाने तुला ओळखणारे माझ्याखेरीज आता एकच गृहस्थ उरले आहेत: ज्यांनी ते ठेवले, ते तबकड्यांच्या दुकानाचे मालक. मागच्या आठवड्यात त्यांनी चौकशी केली, "सम काय करते हल्ली?" मी सांगितले, आईच्या गावीच असते, दंतवैद्यांना कवळ्या बनवून देते. "मग तिला सांगून ठेवा, गिऱ्हाईक तयार आहे," असे म्हणून त्यांनी तोंड उघडून मला पुरावाही दाखवला. दुकान होते तसेच आहे. दारावरची घंटा अजूनही दार उघडल्यावर नव्हे, तर बंद झाल्यावर वाजते. मी शाळेतून निवृत्त झाले. समजावून सांगण्याची सवय मात्र निवृत्त झालेली नाही आणि समोर वर्गही उरलेला नाही. हे पत्र लांबणार, हे तू एव्हाना ओळखलेच असशील.

तुला ठाऊक असलेलेच आधी सांगते. क्रमाने गेल्याशिवाय मला पुढचे सांगता येत नाही. 'गंजका खिळा' हे तबकड्या काढणारे लेबल म्हणजे एक माणूस, एक खोली आणि एक शिक्का. माणूस दिवसा लिफ्ट दुरुस्त करी, म्हणून आपला तो लिफ्टवाला. मोठ्या कंपन्या ज्यांना दारातही उभे करणार नाहीत, अशी पंक वाजवणारी पोरे त्याच्याकडे येत. तो त्यांच्या सात इंची तबकड्या काढी, अगदी मोजक्या. फोटोकॉपीच्या कागदात त्या गुंडाळी आणि कागदावर रबरी शिक्क्याने क्रमांक उठवी. आपण दोघी तेव्हा ड्रायक्लीनरच्या वरच्या खोलीत राहत होतो. खोलीत वाफेचा वास, एक रेकॉर्डप्लेअर आणि दोन अपुरे पगार. म्हणून पहिली तबकडी मी घेतली, दुसरी तू, तिसरी मी. पुढे तू तुझ्या कामाच्या, कवळ्यांच्या प्रयोगशाळेजवळ वेगळी खोली घेतलीस, तेव्हा वाटणी आपोआपच झालेली होती: विषम क्रमांक माझ्या घरी, सम तुझ्या घरी. "आल्या का सम-विषम," असे म्हणून मालक आपले स्वागत करीत, "एक घेणार आणि दोघी ऐकणार. काढा माझं दिवाळं!" एकदा तीन क्रमांकाची तबकडी मी तुझ्या मावसभावाच्या हाती तुझ्याकडे पाठवली आणि तो बसमध्ये तिच्यावर बसला. "वाजेल की थोडीफार," हे त्याचे म्हणणे. त्या दिवशी तू नियम केलास: तबकडी घर सोडणार नाही, जिला ऐकायची असेल तिने तबकडीच्या घरी यावे. दुसरी तीन मिळवायला मला पुढे किती दुकाने पालथी घालावी लागली, ते तू पाहिलेच आहेस.

वर्गात मी तबकडी नेहमी शिकवीत असे, पाठ्यपुस्तकात नसतानाही. मुले पहिल्यांदा ऐकतात तेव्हा त्यांचा विश्वासच बसत नाही, म्हणून तो तास मला फार आवडे. तबकडी कडेपासून मध्यापर्यंत एकाच गतीने फिरते, पण कडेला एका फेरीत सुईखालून खोबणीची जेवढी लांबी जाते, तेवढी मध्याशी जात नाही; वर्तुळ लहान होत जाते. म्हणजे तेवढाच आवाज कमी जागेत कोंबावा लागतो. अशा गर्दीत ठसठशीत, खालचे आवाज टिकून राहतात. बारीक, वरचे आवाज आधी पुसट होतात. म्हणून शेवटचे गाणे नेहमी थोडे मऊ वाटते. पंकवाल्यांना याचे काही पडलेले नसे. त्यांचे गाणे सुई आत पोहोचायच्या आतच संपलेले असे. लिफ्टवाल्याला मी हे सगळे कागदावर आकृती काढून समजावले होते. त्याने मन लावून ऐकले आणि म्हणाला, "बाई, हे खरं असेल, पण पोरांना सांगू नका. हळू वाजवायला लागतील."

आता चौदाकडे वळते. लिफ्टवाल्याच्या शिक्क्यावर आकड्यांच्या चकत्या होत्या. दर तबकडीला चकती बोटाने एक घर पुढे सरकवावी लागे. चौदा निघाली, ती तू घेतलीस. पुढची आली, तिच्यावरही चौदाच. गडी चकती सरकवायलाच विसरला होता. चूक लक्षात आल्यावर हिशेब सरळ करण्यासाठी त्याने त्यानंतरच्या तबकडीला दोन घरे सरकवून सोळा हा आकडा दिला. पंधरा अशी तबकडी जगात निघालीच नाही. दुसरी चौदा घेऊन आपण दुकानात उभ्या होतो. तू म्हणालीस, "छापलाय तो आकडा खरा. दोन्ही माझ्या." मी म्हटले, तेराच्या पुढे चौदा, चौदाच्या पुढे पंधरा, म्हणजे ही माझी; मी हे पोटापाण्यासाठी शिकवते. "मग जा, मुलांनाच शिकव," तू म्हणालीस. आवाज इतका चढला की मालकांनी तबकडी आपल्या हातून काढून घेतली. "ठरेल तेव्हा या दोघी. तोवर ही माझ्याकडे," असे म्हणून त्यांनी ती गल्ल्यामागे ठेवली.

ते ठरवायला आपण परत गेलो नाही. पुढच्याच आठवड्यात तू तुझी खोली रिकामी केल्याचे मला ड्रायक्लीनरकडून कळले. तुझ्या आईला अर्धांगवायू झाल्याचेही त्यानेच सांगितले. तू जाणार हे त्या दिवशी दुकानात तुला ठाऊक होते की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. होते, असे मला वाटते. निरोप घेण्यापेक्षा आकड्यावरून भांडणे सोपे गेले असावे, आणि मी त्यात तुला भरपूर मदत केली. पुढे तुझी दोन पत्रे आली, माझी तीन गेली, मग तेही थांबले.

जमवणे मात्र मी थांबवले नाही. सतरा, एकोणीस, एकवीस, लेबल बंद पडेपर्यंत. सम क्रमांक डोळ्यांसमोरून जात, कधी कधी अगदी मातीमोल भावात. मी उलटून पाही, वेष्टनाची घडी तपासी आणि परत खाली ठेवी. मालक वैतागत. "अहो, अर्धा संच कोण ठेवतं?" पण एके दिवशी माझ्यासाठी तेवीस बांधता बांधता ते सहज म्हणाले, "तुमच्यासारखीच आणखी एक आहे. लांबच्या गावाहून टपालाने मागवते. फक्त सम." त्यांनी नाव घेतले नाही, मीही विचारले नाही. ती तबकडी घरी नेऊन मी दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकली. गाणी सामान्य होती.

आता बातमी. लिफ्टवाला म्हातारा झाला आहे, गुडघ्यांमुळे स्वतःच जिने चढू शकत नाही आणि लिफ्टमध्ये बसायला घाबरतो, म्हणतो, "मला आतलं माहीत आहे ना." त्याने खोली आवरताना एक टेप शोधून काढली आणि गेल्या महिन्यात एक शेवटची तबकडी काढली. क्रमांक पंधरा. फर्निचरच्या दुकानाच्या तळघरातली ती संध्याकाळ तुला आठवते? वीज गेली, गिटार आणि गायक दोन्ही गप्प झाले, पण ड्रमवाला थांबला नाही आणि अंधारात सगळे आरडाओरडा करू लागले. लिफ्टवाल्याचा टेपरेकॉर्डर बॅटरीवर चालू होता. पंधरा म्हणजे एवढेच: ड्रम आणि आपण सगळे. तो मला म्हणाला, "मध्येच कुणीतरी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारलीय, कान फाटतात. काढणार होतो, मग म्हटलं, राहू दे." त्या तळघरात तशी शिट्टी मारणारी एकच बाई होती.

पंधरा निघाली, म्हणजे पंधरा नावाची तबकडी आता जगात आहे. म्हणून दुसरी चौदा पंधरा असू शकत नाही, ती चौदाच. तुझा युक्तिवाद चुकीचा होता, पण उत्तर बरोबर आले. अशा विद्यार्थ्यांचा मला फार राग यायचा. मालकांनी ती चौदा खरोखरच गल्ल्यामागे सांभाळून ठेवली होती. ती या पत्रासोबत पाठवते आहे, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. तुझीच तबकडी तुझ्या घरी जाते आहे, तेव्हा नियमाला बाध येत नाही.

पंधरा घरी आणून लावली तेव्हा मला त्यात शिट्टी सापडली नाही. सुई झिजली असेल म्हणून नवी बसवली, मग तारा बदलल्या, मग स्पीकर पुसून जागा बदलून पाहिले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मीच शिकवत आले. शेवटी तबकडी दुकानात नेऊन मालकांच्या यंत्रावर लावली. मध्यावर त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले, आणि मला त्या वेळी नुसता ड्रम ऐकू येत होता. कानाच्या डॉक्टरांनी माझ्या ऐकण्याचा आलेख काढून दिला आहे. आलेख सुंदर आहे, डावीकडून सपाट येतो आणि उजवीकडे एकदम दरीत उतरतो. वरचे आवाज गेले आहेत, खालचेही हळूहळू जातील. किती दिवसांत, हे त्यांना सांगता येत नाही. ड्रम अजून छान ऐकू येतो. पंधरा विषम आहे, म्हणून ती माझ्या घरी राहील आणि तुला ऐकायची असेल तर नियमाप्रमाणे तुलाच यावे लागेल. लवकर ये. आपण दोघी समोरासमोर बसू, मी सुई ठेवीन, आणि शिट्टी आली की तू बोट वर कर. तेवढे मला दिसेल.

तुझीच,
विषम